बुडबुडे नकोत

वाकोला, २२ जानेवारी २०२५

ट्रेव्हर,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मेल पाठवली तर तुझ्या कंपनीच्या वकिलाचं उत्तर येतं. म्हणून हे पोस्टाने. हैदराबादच्या गेस्टहाउसचा पत्ता मम्मीने दिलेला नाही, तिच्यावर ओरडू नकोस. ती चर्चला गेली होती तेव्हा मी तिच्या डायरीतून उतरवून घेतला.

काल तुझा ट्रेलर बघितला. बघायचा नव्हता. पण बारावीच्या दोन मुली फोन नाचवत स्टाफरूमच्या दारात आल्या. "मॅडम, तुमचं नाव! विज्ञान सल्लागार!" माझ्या हातात फोन कोंबला. सगळा स्टाफ भोवती जमला, मग काय करणार?

'चार हजार मीटर'. दोन मिनिटं दहा सेकंद. पहिलं मिनिटभर मला अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते. तळाशी अंधार खरा अंधार आहे, निळसर उजेड नाही. लाल हातमोजा काळा दिसतो. मासे डरकाळ्या फोडत नाहीत. पाणबुडीला तडा गेल्यावर कारंजं उडत नाही आणि कोणी शहाणा त्यावर तळहात दाबून धरत नाही. लहानपणी शेजारच्या आंटीकडे व्हिडिओवर असला सिनेमा लागला की मी किंचाळायचे, "असं नसतं!" आणि तू म्हणायचास, "मी मोठा झालो की असतं तसं दाखवीन." दाखवलंस.

आणि मग तो शॉट आला. काळ्या पाण्यातून एक माणूस सरळ वर येतो. डोळे उघडे, तोंड बंद. फुप्फुसात द्रव भरलेला माणूस, त्यामुळे एकही बुडबुडा नाही. अकरा सेकंद. खाली लोकांनी लिहिलंय, अंगावर काटा आला, परदेशी लोकांनाही इतकं अचूक जमलं नाही.

तो चौथा टेक आहे, ट्रेव्हर. चौदा नोव्हेंबर, मुलुंडची टाकी. त्या माणसाच्या चेहऱ्यावर तुझ्या हिरोचा चेहरा चिकटवलास, पण खांदे त्याच्या जागी स्टंट करणाऱ्या नितेशचे आहेत. तो शॉट संपला आणि दोन मिनिटांत नितेशचा उजवा हात लुळा पडला. तुम्ही त्याला ग्लुकोजचं पाणी पाजत बसलात, चक्कर आली म्हणून. प्रेशर चेंबर असलेल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत नऊ तास गेले.

त्यानंतर कंपनीने त्याच्या घरी काय पाठवलं? "कलाकाराने सुरक्षेच्या सूचना पाळल्या नाहीत." हे वाक्य तू वाचलंस का? वाचून सही केलीस का?

सात मीटर खाली हवेच्या बाटलीतून छाती भरून श्वास घेतला, तर वर येईपर्यंत ती हवा जवळजवळ पावणेदोन पट होते. सोडत सोडत यावं लागतं. नाही सोडली तर फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, रक्तातून मेंदूत. हे अकरावीच्या पोराला फळ्यावर पाच मिनिटांत समजतं. तुझ्या सेटवर साठ माणसं होती. नंदकिशोर, तुमचा सेफ्टी डायव्हर, डेंग्यूने पडला होता, तर शूटिंग पुढे ढकलायचं. पण हिरोच्या तारखा!

मी त्या दिवशी तिथे नव्हते. बोरिवलीत निवडणुकीच्या ट्रेनिंगला बसले होते. असते तर टाकीत उडी मारून थांबवलं असतं.

तो शॉट काढ. आणि नितेशने काही चूक केली नव्हती, असं लिहून दे. स्टंटवाल्यांच्या संघटनेने समिती नेमली आहे. मार्चमध्ये सुनावणी आहे. त्याआधी दे.

मेलनी


वाकोला, ३ फेब्रुवारी

ट्रेव्हर,

तुझं पाकीट मिळालं. पत्र नाही, ख्यालीखुशाली नाही, एक झेरॉक्स. स्क्रिप्टचं पान एकसष्ट. समासात लाल पेनाने लिहिलेलं, खाली तीन रेघा:

"इथे बुडबुडे नकोत! या माणसाच्या फुप्फुसात हवाच नाही. एक जरी बुडबुडा दिसला तरी सगळं विज्ञान खोटं पडेल."

आणि मागे तुझ्या अक्षरात: "हे कोणाचं?"

माझं. तीन रेघाही माझ्या. झालं समाधान?

मी स्क्रिप्टवर अठ्ठ्याऐंशी शेरे लिहिले होते. त्यातले सत्तर तरी तू धाब्यावर बसवलेस. पाण्याचं तापमान दोन अंश असतं, माणूस थरथरला पाहिजे, असं लिहिलं तर म्हणालास, थरथरणारा हिरो कोण बघणार. चार हजार मीटरवरून माणूस पंधरा मिनिटांत वर येत नाही म्हटलं तर म्हणालास, मेल, सिनेमा आहे, लेक्चर नाही. आणि नेमका हाच एक शेरा तुला देववाणी वाटला?

मी लिहिलं होतं पडद्यावरच्या माणसाबद्दल. टाकीतल्या माणसाबद्दल नाही. बुडबुडे कॉम्प्युटरवर पुसतात, हे तुला माहीत आहे. तुझी हैदराबादची ती सगळी पोरं दुसरं काय करतायत? नितेशच्या पहिल्या तीन टेकमध्ये बुडबुडे होते, कारण तो नंदकिशोरने शिकवलं तसं सोडत येत होता. ते पुसता आले असते. पण तुला प्रामाणिक शॉट हवा होता ना. "पुसलेलं कळतं, मेल, डोळ्याला कळतं." हे तू मला ऑक्टोबरात, आपल्याच ओट्यावर बसून सांगितलं होतंस. मी मान डोलावली होती. विज्ञानाच्या बाजूने बोलणारा एक तरी डायरेक्टर निघाला म्हणून खूश झाले होते.

मम्मी विचारत होती, ट्रेव्हरने काय पाठवलं? मी म्हटलं, जुना कागद. तिला वाटलं जन्माचा दाखला.

तू हे समितीला दाखवणार आहेस, अशी धमकी आहे का ही? दाखव. खुशाल दाखव. शेऱ्याने माणूस लुळा पडत नाही. हुकमाने पडतो.

मेलनी


वाकोला, १६ फेब्रुवारी

ट्रेव्हर,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहून पेटीत टाकलं आणि परत येताना जिन्यावरच बसून राहिले. म्हणून हे लिहिते. तुझ्यासाठी लिहीत नाही. पण कोणाला तरी आधी सांगायला हवं होतं, आणि तुझ्याकडे तोंड लपवायचं कारण नाही. तू माझ्याइतकाच आत आहेस.

तेरा नोव्हेंबरला संध्याकाळी नितेशचा मला फोन आला होता.

कालपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं हे. मी अकरावीचे पेपर तपासत होते. गठ्ठा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला आणि पेन हातातच.

तो म्हणाला, "मॅडम, उद्या तो वर यायचा शॉट आहे. सर बोलतात बुडबुडे नकोत. मग श्वास धरायचा काय?"

मी म्हणाले, "अर्थात. त्याच्या फुप्फुसात हवाच नाही, तर सुटणार काय?"

"तसं नाही मॅडम. मी विचारतो, मी धरायचा काय?"

आणि मी हसले, ट्रेव्हर. म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर तूच तो आहेस, नितेश."

तोही हसला. "ओके मॅडम, झकास," म्हणाला. मी पुढचा पेपर ओढला.

त्याने स्वतःच्या छातीबद्दल विचारलं होतं आणि मी तुझ्या गोष्टीतल्या माणसाबद्दल उत्तर दिलं. दोन वेळा विचारलं त्याने. वर्सोव्याचा माणूस, बाप-आजापासून पाण्यातला. पण ते पाणी वेगळं. वरून एक श्वास घ्यायचा, खाली जायचं, तोच श्वास धरून वर यायचं. त्यात काही होत नाही. जन्मभर श्वास धरूनच तो जगला. बाटलीतून खाली श्वास घेतला की हिशेब उलटा होतो, हे त्याला नवीन होतं. म्हणून तर त्याने विचारलं. सगळ्या युनिटमध्ये जिला हे माहीत असायला हवं, तिला विचारलं.

मी काल त्याच्या घरी गेले. खाडीच्या बाजूला, सुकटीच्या मांडवांच्या मागे. नितेश खुर्चीवर बसला होता. डाव्या हाताने चहा पितो. बोलणं जड झालंय, शब्दाशब्दाला थांबतो. त्याची बायको शर्मिष्ठा पॅथॉलॉजी लॅबमधून जेवायला घरी आली होती. आई, नलिनीबाई, कोळंबी सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन, पेपर, हसणं, सगळं.

मग नितेश म्हणाला, "म्हणजे... मी विचारलं होतं?"

मला कळेना. शर्मिष्ठा म्हणाली, "त्याला तो दिवस अर्धा आठवत नाही. आदल्या दिवशीचंही गडबडतं. कंपनीची माणसं येऊन सांगून गेली की तुला शिकवलं होतं, तूच विसरलास. हा तीन महिने स्वतःलाच शिव्या घालतोय. आम्हाला बोलतो, मी कोणाला तरी विचारल्यासारखं वाटतं, पण स्वप्न असेल." मग तिचा आवाज चढला. "तुम्ही तीन महिने कुठे होता, मॅडम? दोनदा आलात घरी. सफरचंदं घेऊन आलात. तेव्हा तोंड शिवलं होतं काय?"

मी सॉरी म्हणाले.

"निघा," ती म्हणाली.

नितेशने डावा हात वर केला. मला वाटलं तिला थांबवतोय. तो म्हणाला, "हे... सगळ्यांसमोर... बोलायचं. लिहून द्यायचं. मग या. तोपर्यंत नको."

नलिनीबाईंनी मान वर केली नाही. कोळंबी सोलतच राहिल्या.

मी बोलणार आहे. तुला आधी कळवते, एवढ्यासाठी की नंतर म्हणू नकोस पाठीत वार केला.

मेल


वाकोला, १९ मार्च

ट्रेव्हर,

काल अंधेरीत सुनावणी झाली. तू आला नाहीस. तुझ्या वकिलाने सांगितलं, दिग्दर्शक हैदराबादला शेवटच्या मिक्सिंगमध्ये अडकले आहेत, पंचवीस एप्रिलला रिलीज आहे. नितेश मात्र आला. दोन मजले शर्मिष्ठाच्या खांद्याला धरून चढला. त्या जिन्यावर तू असायला हवा होतास.

पाच जणांची समिती. अध्यक्षबाई रत्नप्रभा, स्वतः जुन्या स्टंटवाल्या, गुडघ्यात सळई आहे. गोड बोलत नाहीत. नंदकिशोर बोलला. "वर येताना ओठ सैल, आ करत यायचं, हे मी नितेशला दहा वेळा करून दाखवलं होतं. मी आजारी पडल्यावर माझ्या जागी कोणी नव्हतं. मी मेसेज टाकला होता, शूट करू नका." तो मेसेज त्याने दाखवला. तुझं उत्तरही दाखवलं, अंगठा वर केलेला.

मग मी. पान एकसष्ट वाचून दाखवलं. तुझ्या वकिलाकडे तेच पान होतं, त्याचं तोंड उतरलं. त्याचा हुकमाचा पत्ता मीच आधी टाकला. मग फोनचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही डायव्हिंग शिकलाय?"

"नाही."

"मग तुम्ही कोणत्या अधिकारात सल्ला दिलात?"

"तेच तर सांगतेय," मी म्हणाले. "अधिकार नव्हता. दिला."

"म्हणजे जबाबदारी तुमची. दिग्दर्शकाची नाही."

बघ, किती सोपं झालं तुझं काम. तुझा असिस्टंट उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला की चौथ्या टेकच्या आधी ट्रेव्हर सर नितेशशी काहीच बोलले नाहीत. पोरगा घामाने भिजला होता. रत्नप्रभाबाईंनी विचारलं, टाकीच्या काठावरच्या माइकचं रेकॉर्डिंग कुठाय? कंपनीने सांगितलं, त्या दिवशीचा आवाज चुकून पुसला गेला.

नितेशला विचारलं, सरांनी तुला काय सांगितलं? तो म्हणाला, "आठवत... नाही. खोटं... नाही बोलणार."

त्याला एक वाक्य खोटं बोलून सुटता आलं असतं. कोणी अडवलं नसतं. मला तुझा इतका राग आला, ट्रेव्हर, की टेबलावरचा ग्लास हातात होता तो मी खाली ठेवला, मोठ्या मुश्किलीने.

निकाल राखून ठेवलाय. पुरावा नसेल तर सगळं सल्लागारावर, म्हणजे माझ्यावर जाईल आणि कंपनी सुटेल. कंपनी सुटली की नितेशच्या उपचारांचं बघायला कोणी बांधील नाही. कॉलेजने मला नोटीस दिली आहे, बाहेरचं काम परवानगीशिवाय केलं म्हणून. ते मी बघून घेईन.

मम्मीला सगळं कळलं. पॅरिशमधून कोणीतरी सांगितलं. तिने मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तू माज्या पोराला पकडून द्यायला गेली?" मी म्हटलं, "मी आधी स्वतःला पकडून दिलं, मम्मी." ती म्हणाली, "त्या बाईचा पण पोरच आहे ना?" मला आधी कळलंच नाही ती कोणाबद्दल बोलते. नलिनीबाईंबद्दल.

डॅडींच्या भाषेत सांगायचं तर, तुझी वाट लागो. हे मी मनापासून लिहिते.

मेलनी


वाकोला, ७ एप्रिल

ट्रेव्हर,

पेन ड्राइव्ह गुरुवारी मिळाला. कुरियरच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण इंग्रजीतला 'व्ही' तू अजून तसाच काढतोस.

पुसलेला आवाज पुसलेला नव्हता तर.

मी दार लावून ऐकला. टाकीच्या मोटरचा आवाज. पाणी निथळणारा नितेश, दम खात: "सर, नंदूदादा बोललेला, सोडत यायचं." मग तू: "तीन टेक वाया गेले, नितेश. फक्त बारा सेकंद धर." नितेश: "काय होणार नाही ना?" आणि तू: "मेलनीने सांगितलंय. सायंटिस्ट आहे ती." नितेश: "हां, मॅडम मला पण बोलल्या."

एवढंच. तू माझं नाव पुढे केलंस आणि त्याच्याकडे माझा शब्द आधीच होता. दोघांनी मिळून त्याचं तोंड बंद केलं.

मी पुढेही ऐकलं. चौथा टेक. टाळ्या. कोणीतरी ओरडतं, "अरे, नितेशला बघा, हात बघा त्याचा." आणि तुझा आवाज: "शॉट मिळाला का?"

तो तुकडा तू कापून पाठवू शकला असतास. तुला कापता येतं, तेच तुझं काम आहे. तू कापला नाहीस. मी तीन वेळा ऐकून खात्री करून घेतली.

शुक्रवारी मी तो रत्नप्रभाबाईंच्या हातात दिला. त्यांनी कानाला हेडफोन लावले, डोळे मिटून ऐकलं. म्हणाल्या, "भावाने दिला?" मी हो म्हटलं. "स्वतःहून?" हो. त्यांनी एक सणसणीत शिवी दिली आणि म्हणाल्या, "पाच महिने बसला होता काय अंडी उबवत?"

आज निकाल आला. नितेशची काही चूक नाही, हे पहिलं वाक्य आहे. दिग्दर्शक आणि सल्लागार, दोघंही जबाबदार, हे दुसरं. उपचार आणि फिजिओथेरपी कंपनीकडे. मला कुठल्याही सेटवर सल्लागार म्हणून यायला बंदी, तुला दोन वर्षं पाण्यातलं शूटिंग करायला बंदी. तुला कागद मिळतील.

शॉटचं मी नितेशला विचारायला गेले. आता लिहून दिलं होतं, म्हणून गेले. शर्मिष्ठाने दार उघडलं, बसा म्हणाली नाही, पण बाजूला झाली. मी म्हटलं, "तो शॉट सिनेमातून काढायला लावू. आता आपलं ऐकावं लागेल त्यांना."

नितेश म्हणाला, "का काढायचा?"

मी म्हटलं, "नितेश, त्याच शॉटमुळे..."

"मॅडम," तो म्हणाला. थांबत थांबत, पण स्पष्ट. "तुम्ही दोघं भाऊबहीण... माझ्या नावाने... भांडताय. मला विचारत नाही कोण. शॉट झकास आहे. मी केलाय. मोबाइलवर रोज बघतो." मग डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं. "तोंड हिरोचं लावलंय. ते काढा. माझं ठेवा. लोक बोलतात ना, बुडबुडा नाही... त्यांना कळू दे, का नाही. खाली लिहा. मोठ्या अक्षरात. श्वास धरायला लावला म्हणून लिहा."

मी वहीत उतरवून घेतलं. शब्द बदलला नाही. सोबत पाठवते. रिलीजला अठरा दिवस आहेत आणि कॉम्प्युटरवाली पोरं तुझ्याकडे आहेत. हिरो चिडेल, प्रोड्यूसर चिडेल, चिडू दे. सगळं अचूक दाखवायचं होतं ना तुला? हे दाखव.

तो पेन ड्राइव्ह पाठवलास म्हणून तुला माफ केलं, असं समजू नकोस. मी स्वतःलाही केलेलं नाही. आरशात बघितलं की मला पेपर तपासणारी एक हसरी बाई दिसते आणि तिच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तुझं काय होतं मला माहीत नाही. विचारायला तू समोर हवास.

मम्मी दोन वेळा विचारून गेली, पोर कधी येणार. शनिवारी ये. विमानतळावरून रिक्षा केलीस तर वाकोला दहा मिनिटांवर आहे. पण इकडे वळू नकोस. सरळ वर्सोव्याला जा. मांडवांच्या मागे कोणालाही विचार, घर दाखवतील. शर्मिष्ठा बोलेल ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. नलिनीबाई मान वर करणार नाहीत, तरी उभा राहा. नितेश विचारेल त्याचं उत्तर दे. त्याने जे विचारलं असेल, त्याचंच.

मग घरी ये.

मेल